गाडीचा धर्मबाप

सुल्मा : गाडी धुऊन आणू म्हणालीस, आणि आणलीस कुठे? फाउस्तिनोकाकांच्या गॅरेजात! आई, लेकीशी खोटं बोलायचं वय आहे का तुझं?

नेमेसिया : खोटं काय त्यात? भावजी धुऊन देतील. धुण्याआधी जरा बघतील, एवढंच.

सुल्मा : बघायचं काही उरलेलं नाही. खाली शोरूममध्ये दोन दिवस बघितलंय त्यांनी, कॉम्प्युटर लावून. हा कागद आहे माझ्या हातात. पाच वाजेपर्यंत हो की नाही ते कळवायचंय, आणि सोमवारी मला घाट ओलांडून दवाखान्यात हजर व्हायचंय.

फाउस्तिनो : ये पोरी. आवाजावरूनच ओळखलं. नर्स झाल्यापासून तुझा आवाज सुईसारखा झालाय, आधी टोचतो मग कळतो.

सुल्मा : काका, राग मानू नका. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही गेले मी तिकडे.

फाउस्तिनो : राग कसला? मी आपला गाडीचा धर्मबाप. चिलीच्या बंदरातून आली तेव्हा सरोवराकाठी, मातेच्या देवळापुढे, हिच्यावर आशीर्वादाची पहिली बियर मी ओतली. तेव्हापासून दर कार्निव्हलला ओततोय. आता पोरीचं दुखलंखुपलं धर्मबापाला सगळ्यात शेवटी कळतं, चालायचंच.

नेमेसिया : बघ, लागलंय त्यांना.

फाउस्तिनो : वहिनी, तुम्ही गप्प बसा. वाच गं तो कागद. माझ्या डोळ्यांत धुकं आहे, ठाऊकच आहे तुला.

सुल्मा : धुकं नाही, मोतीबिंदू. तीन वर्षं सांगतेय, ऑपरेशन करून घ्या.

फाउस्तिनो : तू सांगतेस, मी घाबरतो. मी सांगतो, तू कागद दाखवतेस. फिट्टंफाट झाली. वाच.

सुल्मा : ‘इंजिन चढावर अतिशय तापते. हेड गॅस्केट निकामी, हेडला तडा असण्याची दाट शक्यता. इंजिनाच्या डाव्या बाजूला कूलंट पाझरून तपकिरी थर जमला आहे. इंजिन बदलावे. गाडी या अवस्थेत घाटात नेऊ नये.’ पुढे रेडिएटरचा वरचा होज पाइप, पट्टा, असली किरकोळ कामं. सगळे मिळून अठ्ठावीस हजार बोलिव्हियानो. नाहीतर गाडी त्यांना देऊन टाकायची आणि नवी घ्यायची, तिचे हप्ते वेगळे.

नेमेसिया : देऊन टाकायची म्हणे! त्या गाडीत तुझ्या बापाच्या घामाचा वास आहे अजून.

सुल्मा : वासावर गाडी घाट चढत नाही, आई! तू नव्हतीस त्या रात्री. घाटमाथ्याच्या अलीकडे काटा लाल झाला, वाफ आली, गाडी बंद. मागच्या सीटवर ती बाई, दवाखान्यात नेत होते तिला, कळा देतेय, वारा असा की दार उघडवत नाही. मी बॅटरी दातांत धरून तिचं बाळंतपण केलं. पोर निळं पडलं होतं. पाऊण मिनिट रडलं नाही. ते पाऊण मिनिट मी अजून मोजतेय.

नेमेसिया : पण जगलं ना गं. दोघंही ठणठणीत आहेत.

सुल्मा : त्या वेळी जगलं. पुढच्या वेळी? आणि मी दवाखान्यात रोज काय बघते सांगू? पोटात दुखतंय म्हणून आठ दिवस शेजारच्या म्हातारीचा पाला खातात, आणि अगदी शेवटच्या घटकेला माझ्याकडे येतात. घरचं माणूस म्हणालं, बरं होईल! म्हणून मी गाडी घरच्या माणसाकडे आणली नाही. झालं समाधान?

फाउस्तिनो : झालं. बरोबर बोललीस. मी तुझ्या जागी असतो तर मीही खाली गेलो असतो.

नेमेसिया : भावजी!

फाउस्तिनो : बरोबर आहे ते. धर्मबाप आहे म्हणून माझं खरं आणि चकचकीत फरशी आहे म्हणून त्यांचं खोटं, असं कुठे असतं? गाडीला काय झालंय ते गाडीलाच विचारू. बॉनेट उघड. इंजिन गार आहे ना? माझा हात धर आणि तो तपकिरी थर कुठेय तिथे नेऊन ठेव.

सुल्मा : हा इथे. सगळ्या डाव्या अंगाला आहे. भाजलेल्या साखरेसारखा.

फाउस्तिनो : हं. चिकट. कडक. नखाने निघतोय... हं.

सुल्मा : काका, तोंडात काय घातलंत? थुंका! थुंका आधी! कूलंट विष असतं!

फाउस्तिनो : थुंकलो, थुंकलो. कान नको फोडूस. गोड आहे.

सुल्मा : कूलंट गोडच असतं! त्यानेच तर कुत्री मरतात.

फाउस्तिनो : ठाऊक आहे. चाळीस वर्षांत दोनदा चुकून प्यायलोय. पण कूलंट गोड ते गोडच राहतं. हे गोड लागलं आणि मागून कडू झालं. वहिनी, तुमच्या त्या आपीच्या किटलीत गरम पाणी आहे?

नेमेसिया : नुसतं पाणी आहे थरमॉसमध्ये. मक्याचं पीठ अजून घातलं नाही. घ्या.

फाउस्तिनो : हा तुकडा त्या पेल्यात टाक, सुल्मा. वर पाणी ओत. ढवळ. आणि काय होतंय ते सांग, मला दिसत नाही.

सुल्मा : विरघळतोय. तपकिरी झालं पाणी. काका... फेस येतोय.

नेमेसिया : अगं बाई, वास घे. मंगळवारचा वास. कार्निव्हलचा.

सुल्मा : बियर?

फाउस्तिनो : बियर. मी ओतलेली. वर्षानुवर्षं, त्याच जागी, कारण मी त्याच बाजूला उभा राहतो. इंजिनाने ती भाजून भाजून कवच करून टाकली. शोरूमच्या पोराचं नाव काय?

सुल्मा : गाव विचारा. सांताक्रूझचा आहे. चांगला मुलगा आहे हो, उद्धट नाही. अगदी समजावून सांगत होता.

फाउस्तिनो : असेलच. तिकडच्या सखल मुलखात बियर माणसं पितात, इंजिनाला पाजत नाहीत. त्याला कोण सांगणार? त्याने डाग पाहिला, गाडी तापते हे पाहिलं, आणि दोघांचं लग्न लावून दिलं. लबाड नाही तो. त्याने विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

सुल्मा : मला लाज वाटली. तिथे सगळे पांढऱ्या कोटात. आम्ही इंजिनावर बियर ओततो असं कसं सांगू?

नेमेसिया : लाज! माझ्या घागऱ्याचीपण वाटते का?

सुल्मा : आई, आता तू सुरू होऊ नकोस. काका, समजा डाग बियरचा. तरी गॅस्केट गेलेलं असू शकतं. गाडी तापली हे खरं आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय.

फाउस्तिनो : शाबास. हाच प्रश्न हवा होता. तुझ्या पिशवीत रबरी हातमोजे असतील ना?

सुल्मा : असतात. का?

फाउस्तिनो : एक काढ. रेडिएटरचं झाकण उघडलंय मी. त्या तोंडावर मोज्याचं मनगट ताणून बसव आणि हा रबर गुंडाळ. घट्ट. बोटं वर. आता नीट ऐक. गॅस्केट गेलं असेल, तर सिलेंडरमधला स्फोट पाण्यात घुसतो. मग मोजा इंजिनाच्या ठेक्यावर धडधड उडेल, फुगून ताठ उभा राहील. गॅस्केट शाबूत असेल तर पडून राहील. मोजा उभा राहिला, तर मी स्वतः तुझ्याबरोबर शोरूममध्ये येतो आणि त्या पोराची माफी मागतो.

सुल्मा : आणि पडून राहिला तर इंजिन जिवंत? आमच्याकडे उलटं असतं. हात पडला की माणूस गेलं.

फाउस्तिनो : वहिनी, चालू करा. चावी उजवीकडे, आणि अॅक्सिलरेटरला पाय लावू नका.

नेमेसिया : लागली गं चालू! एका हाकेत.

फाउस्तिनो : बोल पोरी. मला फक्त आवाज ऐकू येतोय. आवाज गोड आहे, पण आवाजाला फसायचं नाही. बोटं कुठे आहेत?

सुल्मा : पडलीत. पाचही. अंगठा बाजूला.

फाउस्तिनो : हं. थांब.

सुल्मा : काका, करंगळी हलली!

फाउस्तिनो : ठेक्यावर?

सुल्मा : नाही... एकदाच. परत हलली!

फाउस्तिनो : दार बंद करा, वहिनी. पठारावरचा वारा आहे तो, त्याला सगळीकडे नाक खुपसायचं असतं.

नेमेसिया : केलं बंद.

सुल्मा : आता नाही हलत. आता काहीच नाही हलत.

फाउस्तिनो : पाच मिनिटं. कुणी बोलू नका.

नेमेसिया : माते, त्या हाताला तसाच झोपू दे.

सुल्मा : आई, गप्प... काका, जरासा भरतोय. हळूहळू. फुगतोय का?

फाउस्तिनो : धडधडतोय?

सुल्मा : नाही. झोपलेलं माणूस श्वास घेतं तसा, सावकाश.

फाउस्तिनो : पाणी कोमट होतंय, त्याची हवा. एवढं होणारच. तुझा हात ठेव त्याच्यावर. नाडी बघतेस तसा. आहे नाडी?

सुल्मा : नाही. मऊ आहे. गरम. नाडी नाही... काका, नाडीच नाही!

नेमेसिया : नर्स असून नाडी नाही म्हणून रडतेय, बघा हिला.

सुल्मा : रडत नाहीये. कॉम्प्युटरने दोन दिवसांत जे सांगितलं नाही ते एका मोज्याने सांगितलं. माझ्या पिशवीतल्या मोज्याने.

फाउस्तिनो : बंद करा गाडी. कॉम्प्युटरला नावं ठेवू नकोस, त्याने तापते म्हणून सांगितलं ते खरंच आहे. आणि हा वरचा होज पाइप बघ, दाबला की बेडकासारखा फुगतो. कागदात लिहिलाय तो, अगदी बरोबर लिहिलाय. आजच बदलायचा. पण मला सांग, गाडी शहरात तापते?

सुल्मा : कधीच नाही. फक्त घाटात, चढावर.

फाउस्तिनो : म्हणजे जोर लावला की दम लागतो. छातीचं दुखणं नाही, नाकाचं आहे. हवा कुठून आत जाते? पुढच्या जाळीतून. वहिनी, तो दहाचा पाना. सुल्मा, रेडिएटर वरून मोकळा करून मागे कलवतो, तू तोल सांभाळ. ह्याच्यापुढे आणखी एक जाळी आहे, एसीची.

नेमेसिया : ह्या थंडीत एसी कुणी लावलाय?

फाउस्तिनो : जपान्यांनी. आपण एकदाही लावला नाही, म्हणून तिथे कुणी डोकावलंही नाही. दोन जाळ्यांच्या मधे हात घालतो... अरे.

सुल्मा : काय झालं?

फाउस्तिनो : अरे देवा. हे काय आहे? पुठ्ठा? वहिनी, दुसऱ्या बाजूने धरा. हळू, फाटू देऊ नका. ओढा.

नेमेसिया : जड आहे हो. आलं... आलं... सुल्मा, बघ गं! हे बघ काय!

सुल्मा : आई गं! काका, ही गादी आहे! टिकल्यांची गादी!

फाउस्तिनो : रंगीत टिकल्या?

सुल्मा : कार्निव्हलला गाडीवर उधळतो त्या, कागदाच्या. लाखो असतील. बियरने चिकटून, दाबून, वाळून, बोटभर जाड फळी झालीय. मधे मधे फुलांच्या पाकळ्या आहेत, ग्लॅडिओलसच्या, कागदाहून पातळ झालेल्या. काका, कडेने बघते ना, तर थर आहेत. एकावर एक. डोंगर कापून रस्ता काढला की दिसतात तसे.

फाउस्तिनो : पुढचा थर कसला?

सुल्मा : गुलाबी आणि सोनेरी.

नेमेसिया : ह्या वर्षीच्या. मीच आणल्या होत्या, सोनेरी महाग पडल्या. त्याच्या आत हिरव्या असतील बघ, गेल्या साली दुसऱ्या मिळाल्याच नव्हत्या.

सुल्मा : आहेत. हिरव्याच आहेत! आई, तुला सगळं आठवतंय?

नेमेसिया : तू वाच, मी सांगते.

सुल्मा : पुढे निळ्या. मग... इथे टिकल्याच नाहीत. नुसती धूळ.

नेमेसिया : साथीचं वर्ष. घराबाहेर पडलो नव्हतो.

सुल्मा : त्याच्याखाली एक पिवळा थर, आणि मग सगळा पांढरा. दुसरा रंगच नाही.

नेमेसिया : तुझा बाप गेला त्या वर्षीचा. भावजी म्हणाले होते, ह्या साली रंग नको.

सुल्मा : किती नीट ठेवलंय हिने सगळं. आम्ही फेकून विसरून गेलो आणि ही छातीशी धरून घाट चढत राहिली.

फाउस्तिनो : छातीशी नाही, नाकाशी. पोरी, कौतुक पुरे. कळतंय का तुला काय झालं ते? मी ओतली. मी फेकल्या. जिला काही होऊ नये म्हणून फेकल्या, तिचाच श्वास माझ्या हाताने कोंडला. त्या बाईला भर वाऱ्यात घाटावर कुणी अडकवलं? मी. त्या निळ्या पोराचं ते पाऊण मिनिट माझ्या खात्यावर लाव.

नेमेसिया : असं बोलू नका भावजी. हात सगळ्यांचे होते.

सुल्मा : काका, इकडे बघा. म्हणजे, इकडे ऐका. रात्रीच्या वाऱ्यात पारा शून्याच्या खाली गेला होता, आणि श्वास कोंडलेली ही गाडी तरीही माथ्यापासून एका वळणावर आली होती. दुसरी कुठलीही गाडी खालच्या रानातच बसली असती. तिथे मदत मिळाली नसती. त्या वळणावर मागून ट्रक आला, त्याने आम्हाला खाली नेलं. मला हिची भीती वाटत होती. आता हिला हात जोडावेसे वाटतायत.

फाउस्तिनो : हात नंतर जोड. आधी पाइप आण कोपऱ्यावरच्या दुकानातून. आणि मग घाट चढून बघायचा. आत्ता, उजेडात. काटा लाल झाला तर मी हरलो, पाचच्या आत तू त्यांना हो म्हणून सांग. मी येणार बरोबर, पुढच्या सीटवर.

नेमेसिया : मीही येणार. ही गादी घेऊन. कचऱ्यात नाही टाकायची ही.

(घाटमाथा. दगडांच्या राशीपाशी गाडी उभी आहे, इंजिन चालूच.)

फाउस्तिनो : काटा?

सुल्मा : मधोमध.

फाउस्तिनो : परत बघ.

सुल्मा : अकराव्यांदा बघतेय. मधोमध. शेवटच्या तिन्ही वळणांना दुसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबून आणली. जिथे बंद पडली होती तिथे मी श्वास धरला होता, हिने नाही. काका, काटा हललासुद्धा नाही.

फाउस्तिनो : मग सांग त्यांना.

सुल्मा : थांबा, लागला फोन... हॅलो? हो, मीच बोलतेय. इंजिन नको. नाही, नवी गाडीही नको. होज पाइपबद्दल मात्र आभार, तो खरंच गेला होता... आणि ऐका ना, एक सांगायचं राहिलं होतं माझं. आमच्या वरच्या पठारावरची गाडी आली आणि तापत असली, तर दोन जाळ्यांच्या मधे बघत जा. आणि मालकाला विचारा, कार्निव्हल कसा झाला... हो. अगदी खरं सांगतेय. बियर.

फाउस्तिनो : हसला?

सुल्मा : नाही. लिहून घेतलं त्याने.

फाउस्तिनो : मग शिकेल तो. डोळ्यांचा डॉक्टरही असाच आहे का गं? लिहून घेणारा?

सुल्मा : त्याहून चांगला. पण मोजा लावून तपासत नाहीत तिथे.

फाउस्तिनो : चालेल. बुधवारी रिकामा आहे मी.

नेमेसिया : ऐकलंस ना? साक्षीदार आहे मी. या आता दोघं. दगड बाजूला केलेत, खड्डा झालाय. ही गादी आपल्या भूमातेच्या पोटात घालू. तिचं फार दिवस ठेवून घेतलं, आता तिला परत.

सुल्मा : दे, मी मोडते. सबंध मावणार नाही... आई, हा तळाचा थर वेगळाच आहे.

नेमेसिया : असू दे. घाल त्यात.

सुल्मा : थांब. ह्या टिकल्या बाजारातल्या नाहीत. वहीचा कागद आहे. पंचने पाडलेल्या गोल गोल. ह्याच्यावर पेन्सिलने काहीतरी... आई, हे माझं अक्षर आहे.

नेमेसिया : वारा फार आहे गं. चल.

सुल्मा : आई. तिसरीतली वही. हरवली म्हणून बाईंनी मला दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. चुलतभावाने चोरली समजून मी त्याच्याशी वर्षभर बोलले नव्हते. तुला ठाऊक होतं?

नेमेसिया : तुझ्या बापाने शपथ घातली होती. पहिल्या वर्षी सरोवरावर जाताना टिकल्यांना पैसे उरले नव्हते. रात्री बसून पाडल्या त्याने. मी म्हटलं, जुनं वर्तमानपत्र घ्या की. तर म्हणतो, गाडीवर काहीही कसं टाकू? ह्या घरात पोरीच्या अक्षराहून पवित्र असं दुसरं आहे तरी काय?

फाउस्तिनो : माझ्या हातांत त्यानेच मूठभर दिल्या होत्या. मला वाटलं, कंजूषपणा करतोय.

सुल्मा : पण बाबांना तर वाचता येत नव्हतं.

नेमेसिया : नव्हतंच. तुझी वही उघडून नुसता बघत बसायचा, देवळात बसावं तसा. त्यात काय लिहिलंय, विचारायचाही नाही. आता तू सांग. काय लिहिलंय त्या टिकल्यांवर?

सुल्मा : एकेकीवर अर्धं अक्षर आहे. रेघ, वळण, टिंब. काही लागत नाही, आई. नुसतं सुंदर दिसतंय.

नेमेसिया : मग त्याला दिसायचं तसंच दिसतंय तुला.